झोपेत रोज तोच डाव: हातपाय झाडणारी फिट कशी ओळखायची, कशी टिपायची आणि मेंदूत तिची वाट कशी शोधतात

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. मेंदूबद्दल जे काही कळलं ते भाच्याच्या पायी, डॉक्टरांना खोदून खोदून विचारून. भाचा तेव्हा सोळा वर्षांचा, कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका तालमीत मुक्कामाला. पहाटे चारला उठून जोर-बैठका, रात्री नऊला पाठ टेकायची. एके दिवशी वस्तादांचा ताईला फोन आला: "पोरगं झोपेत डाव टाकायलंय. काल शेजारच्याला लाथ बसली. घरी नेऊन जरा बघा."

तालमीत सगळे हसले. घरी कोणी हसलं नाही. शेजारच्या मावशींनी "बाहेरचं बघा" म्हणून सांगितलं, आईनं उतारा टाकला, नरसोबाच्या वाडीला जाऊन आलो, अंगारा लावला. एका दवाखान्यात परीक्षेचा ताण आहे म्हणून झोपेची गोळी मिळाली. यात आठ महिने गेले.

मग एका रात्री मी त्याच्या खोलीत कॅमेरा लावला आणि आठवडाभरात सहा क्लिप मिळाल्या. सवयीनं मी त्या एडिटिंगच्या टाइमलाइनवर एकाखाली एक लावल्या. डोळे उघडण्याचा क्षण सहाही क्लिपांत एका रेषेत आणला आणि प्ले केलं. अंगावर काटा आला. आधी डोळे, मग डावा हात कोपरात वाकून वर, मग कंबर उचलली, मग दोन्ही पाय सायकलसारखे, शेवटी उजव्या कुशीवर लोळण. सहाही वेळा हाच क्रम, जेमतेम एखाद्या सेकंदाच्या फरकानं. पैलवान समोरचा बघून डाव बदलतो. स्वप्न तर रोज वेगळं पडतं. रोज तोच डाव, त्याच बाजूनं, त्याच क्रमानं कोण टाकतो? न्यूरोलॉजिस्टनी त्या क्लिपा बघितल्या आणि तिसऱ्याच क्लिपला म्हणाले, "ही फिट आहे."

पुढचं सगळं ज्यांच्या घरात असं काही चाललं असेल त्यांच्यासाठी.

आधी ओळखा

फिट म्हटलं की आपल्यासमोर एकच चित्र येतं: माणूस कोसळला, ताठ झाला, थरथरला, तोंडाला फेस आला. ही फिट तशी दिसत नाही, म्हणूनच चुकते. माणूस झोपेतून एकदम उठून बसतो किंवा कंबर उचलतो. पाय सायकल मारल्यासारखे चालतात, हात झोडपल्यासारखे फिरतात, धड पुढे-मागे डोलतं किंवा कुशीवरून कुशीवर गरगर लोळतं. कोणी ओरडतं, कोणी कण्हतं, कोणी चक्क शिव्या देतं. काहींच्या चेहऱ्यावर जिवाची भीती असते. हलतात ते खांदा, कंबर, मांडी असे धडाजवळचे मोठे सांधे. बोटांची बारीक थरथर हे याचं लक्षण नव्हे. बहुतेकदा मिनिटाच्या आत सगळं थांबतं आणि माणूस "काय झालं?" म्हणत सरळ बोलायला लागतो. काहींना तर पूर्ण वेळ शुद्ध असते, फक्त अंग आपल्या ताब्यात नसतं. भाचा म्हणायचा, "मामा, मला सगळं ऐकू येतं, थांबवता येत नाही." हे ऐकून घरच्यांना वाटतं, शुद्धीत आहे म्हणजे सोंग करतोय. त्या पोरावर इतका मोठा अन्याय दुसरा नाही.

अशा फिटला आज हायपरकायनेटिक म्हणतात. हायपरमोटर हे जुनं नाव. झोपेत येणाऱ्या आजाराच्या नावात मात्र जुना शब्दच राहिलाय: स्लीप-रिलेटेड हायपरमोटर एपिलेप्सी (एपिलेप्सी म्हणजे फिट्सचा आजार). १९८१ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात लुगारेसी आणि चिरिन्योता या डॉक्टरांनी असे रुग्ण वर्णन केले, तेव्हा ही फिट आहे की हालचालींचा दुसराच आजार यावरच वाद होता. डोक्याला तारा लावून मेंदूची वीज टिपतात त्या ईईजी तपासणीत तर काही सापडत नव्हतं. पुढे बरीच वर्षं 'रात्रीची फ्रंटल लोब एपिलेप्सी' हे नाव चाललं; फ्रंटल लोब म्हणजे मेंदूचा कपाळामागचा भाग. २०१४ मध्ये जाणकार पुन्हा बोलोन्यातच बसले आणि तेही बदललं. एक तर या फिटचं नातं रात्रीशी नाही, झोपेशी आहे. रात्रपाळीवाला दुपारी झोपला तर त्याला दुपारी येईल. दुसरं म्हणजे ती दरवेळी फ्रंटल लोबमध्येच उगवते असं नाही.

हिच्यासारखी दिसणारी दुसरी दुखणी वेगळी काढायला हवीत. लहान मुलं झोपेत दचकून किंचाळतात, त्याला नाइट टेरर म्हणतात. ते बहुधा झोपेच्या पहिल्या एक-तृतीयांशात येतं, रात्रीतून एखाद्या वेळीच, काही मिनिटं चालतं आणि दरवेळी थोडं वेगळं असतं. मूल नंतर गोंधळलेलं असतं किंवा तसंच झोपून जातं. आपली फिट रात्री कधीही येते, एका रात्रीत चार-पाचदाही येते, सुरू होताना आणि थांबताना बटण दाबल्यासारखी. साठीतले आजोबा पहाटे स्वप्नातल्या चोराला गुद्दे मारत असतील तर तो तिसराच आजार. त्यात माणूस स्वप्न जगत असतो आणि जागं केलं की स्वप्न सांगतो. डोळे घट्ट मिटून, चढ-उतार करत दहा-वीस मिनिटं चालणाऱ्या झटक्यांचं मूळ बऱ्याचदा मानसिक असतं. तोही खराच आजार आहे, उपचार वेगळे आहेत. घरच्यांनी निदान करायचं नाही. घरच्यांनी फक्त दोन प्रश्नांची उत्तरं आणायची: किती वेळ चाललं, आणि दरवेळी तसंच होतं का?

निदानाची वाट न बघता आजच झोपायची जागा बदला

लोखंडी कॉट काढा, गादी जमिनीवर टाका. कपाटाचा कोपरा, खिडकीची चौकट, पाण्याचा तांब्या, डासांची कॉइल हाताच्या टप्प्यातून दूर न्या. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळी गल्ली गच्चीवर झोपते; या माणसाला गच्चीवर झोपवू नका, कठडा कितीही उंच असो. खोलीला आतून कडी नको. खोलीत दुसरं कोणी तरी झोपावं, कारण ही फिट कधी कधी पसरून पूर्ण शरीराची होते. झोपेत पूर्ण शरीराची फिट येणाऱ्यांत क्वचित अचानक मृत्यूही होतो. सोबतीला माणूस असला की तो धोका कमी होतो. हे वाचायला जड जातं, पण माहीत असलेलं बरं.

शूटिंग: इथे मी जरा जास्त बोलणार

जाणकारांनी या आजाराच्या खात्रीच्या तीन पायऱ्या ठरवल्यात. कोणी तरी पाहिलं आणि सांगितलं, ही पहिली, 'शक्यता'. व्हिडिओत टिपलं गेलं, ही दुसरी. व्हिडिओ आणि ईईजी एकाच वेळी मिळालं, ही तिसरी आणि पक्की. म्हणजे घरबसल्या, मोबाइलच्या जोरावर तुम्ही दुसऱ्या पायरीपर्यंत पोहोचू शकता. एवढं मोल माझ्या शूटिंगला उभ्या जन्मात कोणी दिलेलं नाही.

लोकांची पहिली चूक ही की फिट सुरू झाल्यावर मोबाइल शोधतात. हातात येईपर्यंत संपलेली असते किंवा शेवटचं लोळणं तेवढं मिळतं. आणि खरी माहिती असते पहिल्या तीन-चार सेकंदांत: डोळे आधी उघडले की हात आधी हलला, कोणत्या बाजूचा, मान कुठे वळली, तोंडावर भीती कधी आली. म्हणून कॅमेरा कायमचा लावा. घरात वापरायचा नाइट व्हिजनचा साधा वायफाय कॅमेरा पुरतो. त्यात एक सेटिंग आवर्जून बदला. 'हालचाल झाली तरच रेकॉर्ड' असं असेल तर ते बंद करून सलग रेकॉर्डिंगवर ठेवा. हालचाल ओळखून कॅमेरा जागा होईपर्यंत तीच तीन सेकंदं निसटतात. माझी पहिली रात्र अशीच वाया गेली. मेमरी कार्ड भरलं की जुनं पुसलं जातं, तेव्हा रोज सकाळी चहाच्या आधी क्लिप काढून ठेवा.

कॅमेरा पायथ्याशी, पाचेक फूट उंचीवर, थोडा खाली वाकवून. डोक्यापासून पायापर्यंत आख्खं शरीर चौकटीत यायला हवं, दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडून, कारण माणूस लोळतो. साधा मोबाइल लावणार असाल तर झिरोचा बल्ब चालू ठेवा. अंधारात मोबाइल आपोआप सेकंदाच्या फ्रेम कमी करतो आणि हात नुसता धूर दिसतो. जाड वाकळ नको, पातळ चादर द्या. शक्य झालं तर भिंतीवरचं घड्याळ चौकटीत घ्या. आवाज बंद करू नका. कण्हणं, हुंकार, शब्द हे सगळं डॉक्टरांना लागतं.

फिट सुरू झाली आणि तुम्ही जागे असाल तर लाइट लावा, चादर बाजूला करा आणि कॅमेऱ्याच्या आड न येता बोला. नावानं हाक मारा. "डावा हात वर कर" म्हणा. एक शब्द द्या, समजा "आंबा". थांबल्यावर विचारा, मघाशी कोणता शब्द सांगितला होता? आठवला तर त्या वेळी शुद्ध होती हे कळतं. नंतरची दोन मिनिटंही चालू ठेवा. बोलणं अडखळतंय का, एखादा हात लुळा वाटतोय का, हे तिथेच दिसतं.

डॉक्टरांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून टाकू नका, दाबला जाऊन भुरकट होतो; डॉक्युमेंट म्हणून जोडा किंवा पेनड्राइव्हमध्ये न्या. कापाकापी, स्लो मोशन, वर गाणं, काही नको. आणि घरच्या ग्रुपवर तर मुळीच नको. पोराला उद्या त्याच लोकांत वावरायचंय.

सोबत एक साधी वही ठेवा: तारीख, कधी झोपला, फिट किती वाजता, किती सेकंद, आदल्या रात्री जागरण होतं का, गोळी चुकली का. बाकी पाल्हाळ नको.

फिट चालू असताना

दाबून धरू नका. तालमीत चौघांनी भाच्याला धरलं होतं, त्यात त्याचा खांदा दुखावला. फिट काही थांबली नाही, तिच्या वेळेलाच थांबली. हलक्या हातानं डोक्याखाली उशी सरकवा, आजूबाजूचं सामान ढकला, उभा राहून धावायला लागला तर दार आणि जिना अडवा. कांदा, चप्पल, लोखंडी किल्ली, तोंडात चमचा, चेहऱ्यावर पाणी, यातलं काहीही नाही. पसरून पूर्ण शरीराची फिट झाली तर थांबताच कुशीवर वळवा. पाच मिनिटांपुढे गेली, किंवा भान न येता एकामागून एक यायला लागल्या, तर १०८ला फोन.

मेंदूत काय चाललेलं असतं

डॉक्टर आम्हाला सांगत होते, "फिट एका ठिपक्याची नसते, जाळ्याची असते." माझ्या डोक्यात ते शिरेना. मग पुराच्या दिवसांत आपोआप शिरलं.

नदीकाठच्या सुतारवाड्यात पाणी आलं की कोल्हापूरकर म्हणतो, पूर आला. पण तो पाऊस सुतारवाड्यात पडलेला नसतो. तो पडतो राधानगरीला, गगनबावड्याला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचं पाणी प्रयाग चिखलीपाशी पंचगंगेच्या एका पात्रात येतं, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका, आणि मग ते गल्लीत दिसतं. फिटचंही असंच. जिथे वीज उसळते ती जागा वेगळी आणि जिच्यामुळे हातपाय हलतात ती वेगळी. उसळण्याची जागा गप्प असू शकते. वीज दुसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. पुराला तास लागतात, इथे सगळा खेळ सेकंदांचा. आणि पाऊस कासारीच्या खोऱ्यात पडो की भोगावतीच्या, पाणी शेवटी त्याच गल्लीत शिरतं. म्हणून नुसती हालचाल बघून उगम सांगता येत नाही.

या फिटचे उगम बहुतेकदा फ्रंटल लोबमध्ये सापडतात. त्यातही डोळ्यांच्या खोबणीवर टेकलेला ऑर्बिटोफ्रंटल भाग, दोन अर्धगोल एकमेकांना भिडतात ती आतली भिंत आणि तिथलाच सिंग्युलेट पट्टा. पण काही रुग्णांत उगम कानाजवळच्या टेम्पोरल लोबमध्ये किंवा घडीत दडलेल्या इन्सुलात असतो, आणि वीज फ्रंटलच्या जाळ्यात शिरल्यावर हातपाय झाडणं सुरू होतं. इन्सुलातून निघालेल्या फिटमध्ये आधी घशात आवळल्यासारखं किंवा अंगात मुंग्या आल्यासारखं होऊ शकतं. म्हणून "सुरू व्हायच्या आधी काय वाटलं?" हा प्रश्न सोडू नका. भाच्याला विचारायचं आम्हाला सहा महिने सुचलं नव्हतं.

आता ते पाय सायकल का मारतात? चालणं, पोहणं, पळणं, चावणं यांच्या तयार चाली मेंदूच्या देठात आणि मज्जारज्जूत आधीपासून बसवलेल्या असतात. एरवी वरचा मेंदू त्यांना लगाम घालून ठेवतो. फिटमध्ये कपाळामागचं जाळं बिघडलं की लगाम सुटतो आणि त्या जुन्या चाली मोकाट धावतात. इटलीतले तासिनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हा विचार मांडला. त्यातून आणखी एक कोडं उलगडतं: नाइट टेरर आणि ही फिट इतकी सारखी का दिसते? कारण दोन्हीत मोकळ्या सुटणाऱ्या चाली त्याच, फक्त त्या सोडणारं दार वेगळं. मधल्या वाटेत आणखी दोन ठाणी आहेत: मेंदूच्या पोटातली स्ट्रायटम नावाची गाठ, जी हालचालींची निवड करते, आणि थॅलमस, जो सगळ्या निरोपांचा नाका आहे. कॉर्टेक्स (मेंदूची वरची साल), स्ट्रायटम, थॅलमस आणि परत कॉर्टेक्स असा हा फेरा आहे. गाढ झोपेकडे जाताना थॅलमस आणि कॉर्टेक्स एका तालात चालतात आणि मधेमधे अर्धवट जाग येते. नेमक्या त्या सांध्यावर फिट निसटते.

फ्रंटल लोबमध्येही जागेप्रमाणे चाल बदलते. हालचालींच्या पट्ट्याजवळ, म्हणजे मागच्या अंगाला उसळी असेल तर हात नुसता ताठ होतो किंवा झटके देतो. जितकं पुढे, कपाळाकडे जावं तितकी हालचाल गुंतागुंतीची आणि हेतू असल्यासारखी दिसते. २००८ मध्ये फ्रान्समध्ये रेम्स आणि सहकाऱ्यांनी याचे दोन नमुने वेगळे केले. एकात जोराची धडपड, चेहऱ्यावर भीती, उठून बसणं. त्यात फ्रंटलचा खालचा-आतला भाग गुंतलेला. दुसऱ्यात धडपड कमी, पण अंथरुणावर आडवं गरगर लोळणं आणि हात ताठ. त्यात आतल्या भिंतीवरचा हालचालींच्या तयारीचा भाग. भाच्याचा डावा हात आधी वाकतो आणि शेवटी तो उजवीकडे लोळतो, हे मी सांगितल्यावर डॉक्टरांनी वहीत खूण का केली, ते मला तेव्हा कळलं.

ईईजी साफ आला तर हार मानू नका

ईईजीला जाताना डोक्याला तेल नको. आदल्या रात्री केस शाम्पूनं धुवा आणि डॉक्टर सांगतील तसं जागरण करून जा, म्हणजे तपासणीत झोप लागेल. जागेपणीच्या अर्ध्या तासाच्या ईईजीत या आजाराचं काही न दिसणं अगदी नेहमीचं आहे. खोबणीवरचा आणि आतल्या भिंतीचा भाग कवटीपासून इतका आत असतो की वरच्या तारांना त्याची कुजबूज ऐकू येत नाही. फिट चालू असताना स्नायूंचाच इतका गोंगाट होतो की कागदावर नुसतं गवत उगवतं. म्हणून 'ईईजी नॉर्मल' म्हणजे 'फिट नाही' असं नव्हे. खरी तपासणी ती रात्रभराची व्हिडिओ-ईईजी. भाच्याला एका रात्रीत तीन फिट्स मिळाल्या. कागदावर गवतच होतं, पण पहिल्या सेकंदाला, स्नायू गर्जायच्या आधी, उजव्या बाजूच्या पुढच्या तारांत ताल बदललेला होता. डॉक्टरांनी पेनानं दाखवला, मला तरीही नीट दिसला नाही.

एमआरआय करताना चिठ्ठीवर 'एपिलेप्सी प्रोटोकॉल' लिहून घ्या. तीन टेस्लाचं, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं यंत्र मिळालं तर उत्तम. काप एक मिलिमीटरच्या आसपासचे हवेत. या फिटच्या मागे बऱ्याचदा जन्मापूर्वीच कॉर्टेक्सची वीण चुकलेली असते, फोकल कॉर्टिकल डिस्प्लेशिया म्हणतात तिला. ती एखाद्या घडीच्या तळाशी सुपारीएवढ्या जागेत दडते आणि जाड कापांतून सहज सुटते. रिपोर्टचा कागद पुरे नाही. सीडी मागून घ्या, कारण पुढचा डॉक्टर चित्रं स्वतः बघतो.

घरात आणखी कोणाला असं होतं का, तेही सांगा. काही कुटुंबांत हा आजार वारशानं येतो. १९९५ मध्ये याच आजारात एक बिघडलेला जीन सापडला; पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला निकोटिन चिकटतं, त्याचा हा जीन. मेंदूत दुसरा काही बिघाड नसलेल्या एपिलेप्सीत सापडलेला तो पहिलाच. हे कळल्यावर आमच्या एका काकांनी "मग मिसरी लावली तर चालेल" असा शोध लावला. चालत नाही.

गोळ्या

पहिल्यांदा बहुधा कार्बामाझेपिन देतात, झोपताना, थोड्या डोसनं सुरू करून. १९९९ मध्ये बोलोन्याच्या डॉक्टरांनी शंभर रुग्णांचा अनुभव छापला. कार्बामाझेपिननं सुमारे एक-पंचमांश जणांच्या फिट्स पूर्ण थांबल्या, आणखी जवळजवळ निम्म्यांच्या बऱ्याच कमी झाल्या. आमच्या घरी दुसऱ्या आठवड्यात पहिली शांत रात्र गेली, आणि ताई रात्रभर जागी राहून ती शांतता ऐकत होती.

सुरू करण्यापूर्वी एचएलए-बी १५:०२ ही रक्ततपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. ज्यांच्यात ती खूण आहे त्यांना या गोळीनं कातडी सोलवटणारी भयंकर अॅलर्जी होऊ शकते, आणि आशियाई लोकांत ती युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळते. तपासणी झालेली असो वा नसो, पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप असं काही आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुरुवातीला चक्कर, दोन-दोन दिसणं, पेंग येते, बहुतेकांची ओसरते. गोळी मनानं थांबवणं, ब्रँड परस्पर बदलणं, 'आता बरं वाटतंय' म्हणून अर्धी करणं, यातून फिट्स उसळून येतात. मुलगी असेल आणि पुढे लग्न-बाळंतपणाचा विचार असेल तर औषध निवडतानाच डॉक्टरांशी बोला; व्हॅल्प्रोएट हे फिटचं दुसरं एक औषध गर्भाला घातक ठरू शकतं.

दोन औषधं हरली तर

नीट निवडलेली, पुरेशा डोसात, नियमानं घेतलेली दोन औषधं अपुरी पडली की २०१० च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार ती औषधांना न जुमानणारी एपिलेप्सी. तिथे तिसरी, चौथी, पाचवी गोळी करत वर्षं घालवू नका. एपिलेप्सी सर्जरी करणाऱ्या मोठ्या केंद्राची चिठ्ठी मागा: मुंबईचं केईएम, बेंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, दिल्लीचं एम्स. तपासायला गेलो म्हणजे ऑपरेशन ठरलं असं नसतं. तिथे पेट स्कॅन (मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते दाखवणारी तपासणी) होतो, एमआरआय नव्यानं वाचला जातो आणि उगम तरीही नक्की होत नसेल तर एसईईजी.

एसईईजी म्हणजे कवटीला बारीक भोकं पाडून ०.८ मिलिमीटर जाडीच्या, शेवयांसारख्या तारा मेंदूत खोल सोडायच्या आणि फिटची वाट बघायची. पॅरिसमध्ये तालेराक आणि बांको यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत घडवली. पुराच्या भाषेत, गल्लीतलं पाणी मोजण्याऐवजी प्रत्येक नदीवर मोजपट्टी ठोकायची आणि पाणी आधी कुठे वाढलं ते बघायचं. जिथे पहिली जलद लाट उठते तिथून हातपाय हलेपर्यंत कधी कधी काही सेकंदं जातात. त्या सेकंदांत वीज कोणत्या ठाण्यांतून गेली, हाच त्या जाळ्याचा नकाशा. उगम लहान असेल, काढता येण्याजोगा असेल आणि बोलण्या-हालचालीच्या जागांपासून दूर असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. भाच्यावर ती वेळ आलेली नाही, म्हणून याहून जास्त मी बोलत नाही.

लायसन, लग्न, तालीम

ड्रायव्हिंग लायसनच्या फॉर्म नंबर एकमध्ये एपिलेप्सीबद्दल थेट प्रश्न आहे, तिथे खोटं लिहू नका. गाडी कधी चालवायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. लग्नाचं म्हणाल तर १९९९ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात लग्न रद्द ठरवायला एपिलेप्सी हे जे कारण होतं, ते वगळलंय. तरी आधी सांगून केलेलं लग्न टिकतं, हे मी शूटिंगच्या धंद्यात जवळून पाहिलंय. विहिरीत, रंकाळ्यात, पंचगंगेत एकट्यानं पोहणं बंद.

आणि कुस्ती? ताई तर लंगोट जाळायला निघाली होती. पण एपिलेप्सीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१६ मध्ये खेळांची वर्गवारी केली, तीत कुस्ती कमी धोक्याच्या गटात आहे. डॉक्टरांची अडचण कुस्तीशी नव्हतीच, पहाटे चारशी होती. अपुरी झोप ही या फिटची आवडती वाट. वस्तादांना ते पटवायला मला दोनदा जावं लागलं. आता भाचा सहाला उठतो, सकाळचा पहिला जोर बाकीच्यांचा झालेला असतो. झोपायला भिंतीकडेची जागा, गादी जमिनीवर. दाबून धरायचं नाही हे पोरांना पाठ झालंय. रात्री काही दिसलं तर वस्ताद कुस्तीच्या हौद्याशेजारच्या भिंतीवर खडूनं तारीख आणि वेळ लिहितात, मी रविवारी जाऊन वहीत उतरवतो. गेल्या तीन रविवारी उतरवण्यासारखं काही नव्हतं.